मदत हवी आहे: मुलीच्या चष्म्याचा नंबर वर्षात दुप्पट झाला

माझी मुलगी ८ वर्षांची, तिसरीत आहे. गेल्या वर्षी नंबर -१.२५ होता, परवा तपासला तर -२.५०. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ती शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवून घेत होती, हे आत्ता कळलं. फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी झोपताना ०.०१% अ‍ॅट्रोपिनचे ड्रॉप्स आणि रोज २ तास बाहेर उजेडात खेळायला सांगितलंय. नंबर उतरणार नाही, वाढायचा वेग कमी होईल, एवढं समजलं. पण शाळेची बस घरी येईपर्यंत सहा वाजतात, २ तास आणायचे कुठून?

ज्यांच्या मुलांना हे ड्रॉप्स वर्षभर तरी चालू आहेत, त्यांनी प्लीज सांगा, फरक पडला का? उन्हात डोळे दिपणं, वाचताना धूसर दिसणं असं झालं? आणि बंद केल्यावर नंबर पुन्हा वाढला का?