'संक्रमण', 'स्थित्यंतर' की 'पालट'?

प्रश्न : नेरूळ

सामाजिक बदलांच्या प्रकारांवरील एका प्रशिक्षण-पुस्तिकेचा मराठी अनुवाद मी सध्या करीत आहे. ठाणे आणि नवी मुंबईच्या वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ती असल्यामुळे भाषा सोपी, पण नेमकी हवी. क्रांती, उत्क्रांती आणि सुधारणा येथवर अडचण आली नाही. मात्र जुनी व्यवस्था मोडलेली आहे आणि नवी अद्याप बसलेली नाही, अशा मधल्या अवस्थेसाठी मी 'संक्रमण' हा शब्द योजला, तेव्हा मसुदा वाचणाऱ्या एका तरुण कार्यकर्तीने 'हे संक्रमण कोणत्या रोगाचे?' असे अगदी प्रामाणिकपणे विचारले. करोनाच्या काळात हिंदी बातम्यांतून तिने हा शब्द त्याच अर्थाने ऐकला होता. मराठीत त्यासाठी 'संसर्ग' आहे, हे मी तिला सांगितले. पण वाचकाच्या मनात जो अर्थ आधी उभा राहतो, तो कसा टाळायचा? आधी मृत्युदर उतरतो, जन्मदर बऱ्याच काळाने उतरतो आणि मधल्या काळात लोकसंख्या झपाट्याने वाढते, या वाटचालीला भूगोलाच्या पुस्तकांत 'लोकसंख्या संक्रमण' म्हणतात. तेथेही शब्द बदलावा का?

प्रतिसाद : नौपाडा, ठाणे

ताई, शब्द मुळीच सोडू नका. शेजारच्या भाषेतील अर्थ आपल्या शब्दावर चढला, म्हणून आपण घर रिकामे करून द्यावे, हे मला पटत नाही. सूर्य मकर राशीत जातो ते मकरसंक्रमण. एका स्थितीतून दुसरीत जाणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थच आपल्याला हवा आहे. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. क्रांती, उत्क्रांती, संक्रमण आणि अतिक्रमण ही सारी त्याच धातूची लेकरे आहेत. मी तीस वर्षे मराठी शिकवले आणि ही भावंडे फळ्यावर एकत्र लिहिली, की मुलांना त्यांतील फरक चटकन कळत असे. तरीही पर्याय हवाच असेल, तर 'स्थित्यंतर' घ्या. सोपा शब्द हवा असेल, तर 'पालट' घ्या. आपल्या पुस्तिकेत सर्वत्र येणाऱ्या 'बदल' या अरबी शब्दाबद्दलही माझा आक्षेप आहे.

प्रतिसाद : ऐरोली

सर, आपल्या शेवटच्या वाक्यातील 'शब्दाबद्दल' यामधला 'बद्दल' हाही त्याच अरबी 'बदल'पासून आलेला आहे. इतका खोल रुजलेला शब्द उपटायचा, तर मराठी वाक्यरचनेलाच हात घालावा लागेल. मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो आणि माझा अनुभव असा, की शुद्ध शब्दही वाचकाला चकवतात. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कनिष्ठ मानल्या गेलेल्या जाती वरच्या जातींचे आचार, विधी आणि आहाराचे नियम कसे उचलतात, हे दाखवून दिले. त्या प्रक्रियेला आपण 'संस्कृतीकरण' म्हणतो आणि निम्मे विद्यार्थी त्याचा अर्थ 'सुसंस्कृत होणे' असा लिहितात. वरच्या जातींचे अनुकरण म्हणजेच सुसंस्कृतपणा, हा ग्रह त्या शब्दातूनच त्यांच्या मनात उतरतो आणि मला तो दर वर्षी खोडून काढावा लागतो.

'स्थित्यंतरा'विषयी एक शंका आहे. त्यातील 'अंतर' म्हणजे दोन स्थितींमधील अंतर असेल, तर ताईंना हवी असलेली मधली अवस्था नेमकी तीच ठरेल.

प्रतिसाद : नौपाडा, ठाणे

'बद्दल'चे मला मान्य आहे. यापुढे 'विषयी' लिहीन. परंतु 'स्थित्यंतरा'तील अंतर हे मोजण्याचे अंतर नव्हे. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, देशांतर म्हणजे दुसरा देश, तसे स्थित्यंतर म्हणजे दुसरी स्थिती. तो शब्द पैलतीर दाखवतो, प्रवाहाचा मध्य दाखवत नाही. म्हणूनच माझा कल अजूनही 'संक्रमणा'कडे आहे.

प्रतिसाद : कोपरखैरणे

मी येथल्या गावठाणातला आहे. वर 'अतिक्रमण' हा शब्द संक्रमणाचे भावंड म्हणून आला, म्हणून लिहावेसे वाटले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरवली गेली. भातशेती, खाजण आणि मिठागरे गेली. कुटुंबे वाढली, तशी गावकऱ्यांनी आपल्याच गावाभोवती घरे बांधली. त्या घरांना कागदावर 'अतिक्रमण' म्हणतात आणि आम्ही 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतो. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. हे आठवते, तेव्हा 'परिसराचे संक्रमण झाले' हे वाक्य मला अपुरे वाटते, कारण त्यात करणारा कोणीच दिसत नाही.

प्रतिसाद : ऐरोली

हा मुद्दा व्याकरणातही दिसतो. 'बदलणे' हे मराठीत अकर्मकही आहे आणि सकर्मकही. 'योजनेने गाव बदलले' या वाक्यातून 'योजनेने' काढून टाकले, तर उरलेले 'गाव बदलले' हे वाक्य पूर्णच वाटते. काही गळाले आहे, असा संशयसुद्धा येत नाही. समाजशास्त्रात नियोजित बदल आणि आपोआप घडणारा बदल असा भेद आपण करतो, पण हे क्रियापद तो भेद पुसून टाकते.

प्रतिसाद : नौपाडा, ठाणे

प्रत्येक बदलाला कर्ता सापडतोच, असे मात्र नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी आमच्या ठाण्याला आली. रेल्वे कोणी आणली, हे ठाऊक आहे. परंतु पुढे एकाच डब्यात निरनिराळ्या जातींची माणसे शेजारी बसू लागली, हे कोणी योजले नव्हते. तेथे 'दिवस पालटले' असेच म्हणावे लागते आणि ते खोटे ठरत नाही.

प्रतिसाद : नेरूळ

सर्वांचे आभार. 'लोकसंख्या संक्रमण' मी तसेच ठेवते, कारण विद्यार्थी तोच शब्द शिकलेले असतात. इतरत्र 'मधला काळ' असे साधे लिहून पाहते. मात्र भूसंपादनाचे प्रकरण आता पुन्हा तपासावे लागेल. तेथे मी 'शेतकरी समाजाचे नागरीकरण झाले' असे लिहिले आहे.

प्रतिसाद : कोपरखैरणे

त्या वाक्यात तरी कर्ता आणा, ताई. आमच्या घरात 'सिडको यायच्या आधी' आणि 'सिडको आल्यावर' अशीच कालगणना आहे. आजीला कोणतेही साल विचारले, तरी ती याच दोन शब्दप्रयोगांत उत्तर देत असे.

प्रतिसाद : नौपाडा, ठाणे

'नागरीकरण' हवे की 'शहरीकरण', हेही एकदा ठरवायला हवे. नागर म्हणजे नगरातला आणि सभ्यही. मग शेतकरी त्याआधी सभ्य नव्हता काय? माझे मत 'शहरीकरणा'ला, जरी 'शहर' फारसी असले तरी.