स्वच्छ ऊर्जेचा सरकारी निधी कोकणातल्या गावाने कशासाठी मागावा?

प्रश्न : ग्रामपंचायत सदस्य, दापोली तालुका

नमस्कार. आमच्या येत्या ग्रामसभेत सौरऊर्जेविषयी ठराव मांडायचा असून त्याचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ‘पंतप्रधान सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये ७५,०२१ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झाली. २०२६-२७ पर्यंत देशातील एक कोटी घरांच्या छपरांवर पॅनेल बसवणे हे तिचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये आणि जास्तीत जास्त ७८,००० रुपये, हा अनुदानाचा हिशेब गावात आता सर्वांना पाठ झाला आहे. अडचण त्यापुढची आहे. आमच्या वाड्यांतील बरीच घरे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद असतात, काही मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर आहेत, कौलांवर माडा-आंब्यांची सावली आहे, आणि वर्षभर गावात राहणाऱ्या वृद्धांचे बिल इतके लहान असते की पदरचे पैसे घालून पॅनेल बसवण्यात त्यांना हशील वाटत नाही.

याच योजनेत प्रत्येक जिल्ह्यातील एका ‘आदर्श सौर ग्रामा’ला एक कोटी रुपये देण्याची तरतूद आहे. मात्र स्पर्धेत उतरण्यासाठी महसुली गावाची लोकसंख्या ५,००० हून अधिक असावी लागते. (२,००० ची सवलत फक्त विशेष दर्जाच्या राज्यांना आहे.) घाटावरच्या बाजारपेठेच्या गावांना हा निकष सहज झेपतो, डोंगरउतारावर वाड्या-वाड्यांत विखुरलेल्या गावाचा मात्र त्यात विचारच झालेला दिसत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो : सरकारी पैसा घरागणिक मागावा, गावासाठी एकत्र मागावा, की आधी तारा-खांबांसाठी मागावा?

उत्तर : वीज वितरणातील निवृत्त अभियंता, चिपळूण

तारा-खांबांचा पर्याय आपण शेवटी लिहिला आहे. ठरावात तो सर्वांत वर यावा असे माझे मत आहे. घरोघरी बसणारी बहुतेक संयंत्रे ग्रिडशी, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याशी, जोडलेली असतात आणि ग्रिडचा पुरवठा गेला की त्यांचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) आपोआप बंद होतो, कारण तसे झाले नाही तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. त्यामुळे फांदी पडून वाहिनी बंद असेल तर वर लख्ख ऊन असूनही घरातला पंखा फिरत नाही, आणि ही गोष्ट विकणारे सहसा आधी सांगत नाहीत. बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घेता येतो, पण बॅटरीच्या खर्चाला सूर्यघर योजनेचे अनुदान मिळत नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले होते. त्या काळात ग्रिडला जोडलेले पॅनेल असूनही नसल्यासारखेच ठरले असते.

तारांसाठी पैसा नाही असेही नाही. केंद्राने २०२१ मध्ये वितरण सुधारणेची जी योजना आणली तिचा आराखडा ३,०३,७५८ कोटी रुपयांचा असून त्यात केंद्राचे साहाय्य ९७,६३१ कोटींचे आहे. मात्र या योजनेचा भर स्मार्ट मीटरवर आणि वीजहानी, म्हणजे वाटेत गळणारी आणि चोरीला जाणारी वीज, कमी करण्यावर आहे. जिथे चोरी आणि थकबाकी मोठी, तिथली सुधारणा आकड्यांत उठून दिसते. आपल्याकडे बिल वेळेवर भरणारा ग्राहक पावसाळ्यात चार-चार दिवस अंधारात बसतो, ते दुःख वीजहानीच्या रकान्यात कुठेच उमटत नाही. तेव्हा झाडीतून जाणाऱ्या उघड्या तारांच्या जागी आवरण असलेली केबल, आणि वस्तीजवळ शक्य तिथे भूमिगत वाहिनी, अशी नेमकी मागणी रोहित्रांच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) नावांसह करावी. जांभ्या दगडात चर खोदणे महाग पडते, म्हणून सरसकट भूमिगत वाहिन्या मागू नयेत. तसा अर्ज बाजूला ठेवणे अधिकाऱ्यांना फार सोपे जाते.

नेट मीटरिंगविषयी, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीविषयी, एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडणारी आहे. हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च असते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ग्रिडला दिलेली जादा वीज जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत वळती होते. एक किलोवॅटचे संयंत्र वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देते आणि भर पावसात त्याच्या निम्म्यावर किंवा आणखी खाली येते, हे धरूनच क्षमता ठरवावी. मार्चअखेर उरलेली वीज राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतली जाते, पण आपण विजेसाठी मोजतो त्यापेक्षा तो दर बराच कमी असतो. म्हणून बंद घरावर तीन किलोवॅट बसवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. शिवाय लांबलचक वाहिनीच्या टोकाला अशी पुष्कळ घरे भरदुपारी एकदम वीज सोडू लागली की व्होल्टेज चढते आणि सगळ्यांचेच इन्व्हर्टर बंद पडू लागतात. तार सुधारल्याशिवाय छपरांची संख्या वाढवू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

उत्तर : नारळ-सुपारी बागायतदार, वेंगुर्ले

अभियंतासाहेबांचा अनुभव मोठा आहे, तरीही बागायतीपुरते मला वेगळे वाटते. सुपारीला पाणी लागते ते दिवाळीनंतर थेट मेपर्यंत, आणि ऊनही तेव्हाच भरपूर असते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाचच टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो आणि तो ग्रिडवर अवलंबून नसल्याने तार तुटल्याचे त्याला काही सोयरसुतक नाही.

घोडे अडते ते सातबारावर. एका विहिरीला डझनभर सहहिस्सेदार, त्यांतले अर्धे मुंबईत, एखादा बडोद्यात, आणि ना हरकत प्रमाणपत्र मात्र सगळ्यांचे हवे. आपल्या ठरावात एक ओळ फेरफार अदालतीसाठी आणि वारसनोंदींच्या शिबिरासाठी जरूर घालावी. तिला निधी जवळपास लागत नाही, आणि मीटर आजोबांच्या नावावर असल्याची आपली अडचणही वारसनोंद झाल्यावर पुष्कळशी सुटेल.

उत्तर : मच्छीमार सहकारी संस्थेचे सचिव, रत्नागिरी तालुका

वरच्या चर्चेत किनारा कुठेच नाही, म्हणून लिहितो. यांत्रिक नौकांच्या डिझेलवरील मूल्यवर्धित कर राज्य सरकार मच्छीमारांना परत करते. हा सार्वजनिक पैसाच आहे, तो आमच्या हक्काचा आहे आणि तो बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण खोल समुद्रात जाणाऱ्या नौकेला आज डिझेलवाचून दुसरा मार्ग नाही. पण बंदरावरचा खर्च पाहा : बर्फ कारखाना, शीतगृह, जेटीवरचे दिवे आणि पाण्याचे पंप. यांतले बर्फाचे काम तर सौरऊर्जेसाठीच नेमून दिल्यासारखे आहे. दुपारच्या विजेवर बर्फ पाडून ठेवला की पहाटे नौकेत भरता येतो. वीज साठवायला वेगळी बॅटरी लागत नाही. आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, जेव्हा ऊन नसते, तेव्हा बर्फाची मागणीही उतरलेली असते. कोकणात ऊन आणि गरज यांचा इतका चांगला मेळ बसणारा दुसरा उद्योग मला माहीत नाही.

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आणि वीजदरातील सवलतीचा मार्ग मोकळा केला. माझे मत असे, की या सवलतीचा काही भाग दरमहाच्या बिलात जिरवण्याऐवजी संस्थांच्या बर्फ कारखान्यांना एकरकमी भांडवली अनुदान म्हणून द्यावा. बिलातली सवलत पुढच्या अर्थसंकल्पात काढून घेता येते, छपरावर बसलेले पॅनेल काढून नेता येत नाही.

उत्तर : मूळ गुहागर, सध्या मुंबई

पैसा येतो कुठून, हाही प्रश्न ठरावाइतकाच महत्त्वाचा आहे. केंद्राने २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला आणि तो २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर नेला. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहायचा होता. २०१७-१८ पर्यंत ८६,००० कोटींहून अधिक रक्कम जमा झाली, पण त्यांपैकी निधीत वळली ती सुमारे २९,६०० कोटी. २०१७ नंतर हा उपकर जीएसटीमुळे राज्यांच्या बुडालेल्या महसुलाच्या भरपाईत गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये भरपाई उपकर उठवून कोळशावरचा जीएसटी १८ टक्के करण्यात आला. जयगडच्या औष्णिक प्रकल्पाचा धूर कोकणात आणि कोळशावरचा कर सर्वसाधारण तिजोरीत, अशी ही विभागणी आहे.

आमच्या तालुक्याने दाभोळचा वीजप्रकल्प पाहिला आहे. तिथे विजेचे पैसे चुकते करण्याची राज्याची हमी होती, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी होती, आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडल्यावर तो पुन्हा उभा करण्यासाठी २००५ मध्ये सार्वजनिक कंपन्यांनाच पुढे यावे लागले. म्हणून कोणत्याही मोठ्या हरित प्रकल्पाचा प्रस्ताव आला तर जोखीम कोणाच्या माथी आहे, हे ग्रामसभेने आधी विचारावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. वारसनोंदीची ओळ घालतो. बर्फ कारखान्याचा मुद्दा आमच्या तालुक्यातील हर्णै बंदराच्या मच्छीमार संस्थेला कळवतो. आता एकच शंका राहिली आहे. पंचायतीनेच मोठी बॅटरी घ्यावी आणि वादळात ती साऱ्या गावाला उपयोगी पडावी, असा काही तरुणांचा आग्रह आहे. हे व्यवहार्य आहे का?

निवृत्त अभियंता, चिपळूण

मालकी पंचायतीकडे घेऊ नका. मोठ्या बॅटरीचा विमा, आगीपासूनची सुरक्षा आणि आयुष्य संपल्यावरची बदली हा भार कर आणि शासकीय अनुदान यांवर चालणाऱ्या संस्थेला पेलणारा नाही. बॅटरी प्रकल्पांना केंद्राने २०२३ मध्ये भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत तूट भरून देण्याची जी योजना मंजूर केली, तिच्यातही किमान ८५ टक्के साठवण वितरण कंपन्यांसाठी राखलेली आहे. तेव्हा उपकेंद्रात बॅटरी बसवण्याची मागणी वितरण कंपनीकडेच करावी. पंचायतीने आपल्यापुरते नळपाणी योजनेचा पंप, आरोग्य उपकेंद्र आणि वादळात आसरा घ्यायची शाळा एवढ्यांसाठी बॅटरीसह छोटे स्वतंत्र संयंत्र जिल्हा नियोजन समितीकडे मागावे. सूर्यघर योजनेत छपरावरील प्रत्येक संयंत्रामागे स्थानिक स्वराज्य संस्थेला १,००० रुपये प्रोत्साहन आहे. ती रक्कम लहान असली तरी सोडू नये.

निविदेत दोन अटी घाला : पॅनेलला खाऱ्या हवेच्या चाचणीचे प्रमाणपत्र असावे आणि सांगाडा गरम जस्तलेपनाचा असावा. सूर्यघरच्या घरगुती संयंत्रांची पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते, तीच अट इथेही ठेवा. गंजलेले नटबोल्ट बदलणे तिच्यात येते की नाही, हे मात्र करारापूर्वी लेखी घ्या.