मदत हवी आहे: स्पीकर वाजतो, पण लॅपटॉपचा माइकच दिसत नाही (डेबियन १२ लिनक्स)

चिंचगुळी:
नमस्कार मंडळी. लॅपटॉप आईचा आहे. इंटेलचा अकराव्या पिढीचा आय-५, साउंड चिप रिअलटेक एएलसी२५६. दोन वर्षांपूर्वी त्यावर मीच डेबियन ११ टाकून दिलं होतं, या शनिवारी १२ वर अपग्रेड केलं. रविवारी सकाळी आई गीतेची ऑनलाइन संथा द्यायला बसली आणि पलीकडून सगळे एका सुरात, "काकू, तुम्ही म्यूट आहात!" म्यूट नव्हतीच ती. सेटिंग्ज उघडून पाहिलं तर इनपुटखाली एकही नाव नाही.

स्पीकर मात्र ठणठणीत. पाइपवायर (आवाज हाताळणारी सेवा) दोनदा रीस्टार्ट केलं, अल्सामिक्सरमध्ये (टर्मिनलमधला आवाजाचा मिक्सर) एफ४ दाबून कॅप्चर (माइकची पातळी) पूर्ण वर नेलं, काही फरक नाही. उबुंटू २४.०४ च्या पेनड्राइव्हवरून चालू केलं की माइक चालतो, म्हणजे हार्डवेअर शाबूत आहे. अपग्रेडनेच माती केली. ११ वर परत कसं जायचं?

सदू_सुपरयूझर:
तीनशे रुपयांचा यूएसबी माइक घ्या आणि मोकळ्या व्हा.

रात्रपाळी:
परत जायची घाई नको. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' (हार्डवेअर आणि त्याचे ड्रायव्हर दाखवणारी आज्ञा) चालवा, ऑडिओच्या ओळीखाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे ते सांगा. आणि इटीसीतल्या मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये (ड्रायव्हरच्या सेटिंग्ज तिथे असतात) तुम्ही स्वतः लिहिलेली एखादी फाइल आहे का?

चिंचगुळी:
ड्रायव्हर: एसएनडी_एचडीए_इंटेल. आणि हो, फाइल आहे! पार विसरले होते. आत एकच ओळ: 'ऑप्शन्स एसएनडी_इंटेल_डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१'. ११ टाकलं तेव्हा आवाजच येत नव्हता, नुसतं 'डमी आउटपुट' (म्हणजे खरं साउंड कार्ड सापडलंच नाही) दिसायचं. एका व्हिडिओत हा उपाय होता. पण त्यानंतरही माइक चालत होताच की.

रात्रपाळी:
आई तेव्हा कुठल्या माइकवर बोलायच्या?

चिंचगुळी:
इअरफोनच्या. गुरुवारी उंदराने वायर कुरतडली.

अरे देवा.

रात्रपाळी:
सापडला चोर. अपग्रेड बिचारं निर्दोष आहे 🙂 तुमच्या लॅपटॉपचा आतला माइक डिजिटल आहे. तो रिअलटेकच्या चिपला जोडलेला नसतो, थेट इंटेलच्या प्रोसेसरमधल्या डीएसपीला (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या भागाला) जोडलेला असतो. ती '१' वाली ओळ कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) सांगते की जुना एचडीए ड्रायव्हर वापर, डीएसपीच्या वाटेला जाऊ नकोस. म्हणून रिअलटेकवरचे स्पीकर आणि इअरफोनचा जॅक चालतात, आतला माइक मात्र जणू नाहीच. त्यासाठी एसओएफ (साउंड ओपन फर्मवेअर) ड्रायव्हर लागतो, आणि एसओएफला स्वतःचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर). ११ च्या साध्या इन्स्टॉलरमध्ये ते नसायचं, तुमचं 'डमी आउटपुट' त्यातलंच.

१२ पासून फर्मवेअरचा विभाग वेगळा झालाय. सोर्सेस.लिस्ट मध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणारी फाइल) 'मेन' असलेल्या ओळींच्या शेवटी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' लिहा, 'एपीटी अपडेट' करा (पॅकेजांची यादी ताजी होते), मग 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड' हे पॅकेज टाका. ते नीट बसल्यावरच ती जुनी फाइल उडवा. उलट केलंत तर पुन्हा डमी आउटपुट. शेवटी रीस्टार्ट नको, मशीन पूर्ण बंद करून चालू करा.

यूएसबी माइकने काम भागलं असतं, पण ती ओळ तशीच राहिली असती आणि पुढच्या वेळी पुन्हा हाच घोळ.

चिंचगुळी:
केलं सगळं. आता कार्डाचं नाव 'एसओएफ-एचडीए-डीएसपी' दिसतंय आणि माइक आला!!! पण स्पीकर गेला. हसू नका.

रात्रपाळी:
हसलो. ड्रायव्हर बदलला की कार्ड नवं समजलं जातं, जुने आवाजाचे आकडे लागू होत नाहीत. अल्सामिक्सर उघडा, एफ६ दाबून ते एसओएफचं कार्ड निवडा. 'स्पीकर'च्या खांबाखाली 'एमएम' दिसत असेल तर तो म्यूट आहे. त्यावर जाऊन एम दाबा, 'शून्य शून्य' झालं पाहिजे. 'मास्टर'चंही बघा.

चिंचगुळी:
एमएमच होतं. एम दाबलं आणि आईच्या लॅपटॉपमधून एकदम अख्खा वर्ग बोलायला लागला. रात्रपाळी, मनापासून आभार. फक्त आतला माइक भलताच तिखट कानाचा आहे, स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा पलीकडे पोचते म्हणे. त्याचा वेगळा धागा काढते.