लिव्हर कॅन्सर आणि लिम्फ नोड: स्टेनिंगमध्ये गाठ सोडून सगळं लिव्हरच चमकतंय, काय चुकतंय?

पेशीवेडी: नमस्कार, पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. लिव्हर कॅन्सरच्या पेशी लिम्फ नोडपर्यंत (लसिकाग्रंथीपर्यंत) कशा पोचतात हा विषय आहे. एक जीन एसआयआरएनएने (जीनचं काम दाबणारा आरएनएचा छोटा तुकडा) खाली आणला तर ट्रान्सवेलमध्ये (बारीक भोकांच्या पडद्याचा प्लॅस्टिकचा कप) निम्म्याहून कमी पेशी पलीकडे गेल्या, म्हणून खूश होते. आता उंदराच्या लिव्हरमधल्या गाठीत लसिकावाहिन्या मोजायच्या म्हणून लाइव्ह-१ (लसिकावाहिन्यांची खूण म्हणून वापरतात ते प्रोटीन) चं स्टेनिंग केलं तर गाठ बऱ्यापैकी काळीच आणि आजूबाजूचं चांगलं लिव्हर जाळीसारखं चमकतंय! तीनदा केलं, अँटीबॉडी पातळ केली, ब्लॉकिंग वाढवलं, तेच. नुसती सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला चिकटणारी रंगीत अँटीबॉडी) घातलेली स्लाइड मात्र स्वच्छ आहे. आणि परवा सेमिनारमध्ये एका सरांनी विचारलं की हा कॅन्सर तर रक्तातून पसरतो, मग नोडच्या मागे कशाला लागलीस, तर मला धड उत्तरच देता आलं नाही, फार लागलं ते. कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज.

स्लाइडवाला: तुझं स्टेनिंग बरोबर आहे, मार्कर चुकीच्या जागी वापरलाय. लाइव्ह-१ बाकी बऱ्याच अवयवांत लसिकावाहिन्या दाखवतो, पण लिव्हरमध्ये सायनुसॉइडच्या (लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्या) आतल्या अस्तराच्या पेशींवरही तो भरपूर असतो, तुला दिसतेय ती जाळी त्यांचीच. आणि लिव्हर कॅन्सरच्या गाठीत त्या पेशींवरचा लाइव्ह-१ कमी होतो म्हणून गाठ काळी. मी स्वतः सहा महिन्यांची मोजणी याच कारणाने टाकून दिली आहे, तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून एवढं लिहितोय. पोडोप्लॅनिन (लसिकावाहिन्यांचा दुसरा मार्कर) सोबत घे, दोन रंगांत डबल स्टेनिंग कर. मात्र डी२-४० नावाची जी अँटीबॉडी पॅथॉलॉजीत वापरतात ती माणसाच्या पोडोप्लॅनिनची आहे, उंदरावर चालणार नाही, उंदराची वेगळी मागव. प्रॉक्स-१ (असाच आणखी एक मार्कर) घ्यायचा मोह होईल, पण तो लिव्हरच्या मुख्य पेशींच्या न्यूक्लियसमध्येही असतो, त्यामुळे एकट्यावर भिस्त नको. शेवटी डोळ्याने पण बघ, पातळ भिंतीची वेडीवाकडी पोकळ नळी, आत लाल पेशी नाहीत, आणि बहुतेक वेळा पोर्टल शिरेच्या (आतड्याकडून लिव्हरमध्ये रक्त आणणारी शीर) आसपास.

जुना_पोस्टडॉक: सरांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा (लिव्हरच्या मुख्य पेशींचा कॅन्सर) मुख्यतः पोर्टल शिरेच्या फांद्यांत शिरतो, लिव्हरमध्येच पसरतो, मग फुप्फुसात वगैरे. नोडमध्ये त्यामानाने कमी जातो. पण गेला की त्याचं वजन फार आहे, एजेसीसीच्या (कॅन्सरच्या स्टेज ठरवणारी अमेरिकन समिती) आठव्या आवृत्तीत नोड पॉझिटिव्ह म्हटलं की थेट स्टेज ४ए. पित्तनलिकेचा कॅन्सर तर नोडमध्ये सर्रास जातो. शिवाय थोरॅसिक डक्टमधून (शरीरातली सगळ्यात मोठी लसिकावाहिनी) जी लसिका वाहते तिच्यातली साधारण २५ ते ५० टक्के एकट्या लिव्हरमधून येते, एवढा मोठा रस्ता पेशींना मोकळा असताना त्यावर काम करायचं नाही तर कशावर करायचं?

आणि नोड म्हणजे शेवटचा थांबा असंही नाही. २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी उंदरांत दाखवलं की नोडमध्ये गेलेल्या पेशी तिथल्याच रक्तवाहिन्यांत शिरून पुढे फुप्फुसात जाऊ शकतात. म्हणजे रक्त की लसिका हे भांडणच तितकंसं खरं नाही. पण हेही वाच की २०१७ मध्ये तिथेच आतड्याच्या कॅन्सरवर एक पेपर आला, त्यात सुमारे ६५ टक्के रुग्णांत नोडमधल्या आणि दूरच्या गाठी मूळ गाठीतल्या वेगवेगळ्या उपगटांतून आलेल्या निघाल्या. दोन्ही बाजू मांडल्यास तर कोणी अडवणार नाही.

ट्रान्सवेलबद्दल मात्र स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. ८ मायक्रॉनच्या भोकातून पेशी खाली उतरली एवढंच ते सांगतं. नोडमध्ये पोचायला तिला गाठीतून सुटायचंय, लसिकावाहिनीत शिरायचंय, वाहत जाऊन नोडमध्ये टिकायचंय आणि वाढायचंय. व्हीईजीएफ-सी (लसिकावाहिन्या वाढवणारं प्रोटीन) वाढून नव्या वाहिन्या फुटणं, सीसीआर७ (पेशीवरचा एक रिसेप्टर) मुळे नोडकडे ओढलं जाणं, यातलं प्लॅस्टिकच्या कपात काहीच नाही. आणि जीन खाली गेल्यावर पेशी मुळात हळू वाढत असतील तरी खाली कमीच दिसतील, तेवढ्याच तासांचा वाढीचा आलेख शेजारी ठेव. जमलं तर चीनमधल्या दालियनच्या लोकांचं मॉडेल बघ: एचसीए-एफ आणि एचसीए-पी या उंदराच्या दोन सेल लाइन, ६१५ जातीच्या उंदराच्या तळपायात टोचायच्या, पहिली ७० टक्क्यांहून जास्त उंदरांत नोडपर्यंत जाते, दुसरी ३० टक्क्यांहून कमी. अशी जोडी हातात असली की फरक नेमका कशाने पडतो ते शोधता येतं.

एसटीआर_आधी: सेल लाइन कुठली आहे ते लिहिलंच नाहीस?

पेशीवेडी: एसएमएमसी-७७२१. शेजारच्या लॅबमधून मिळाली होती. आणि कंट्रोल म्हणून एल-०२ (साध्या लिव्हरच्या पेशी म्हणून वापरतात ती लाइन).

एसटीआर_आधी: मग आधी थांब. या दोन्ही लाइन मुळात हेला निघाल्यात, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी, चुकीच्या ओळखीच्या लाइनच्या यादीत त्यांची नावं आहेत. बेल-७४०२ पण तसलीच. हेपजी२ वरही जाऊ नकोस, ती लहान वयातल्या हेपॅटोब्लास्टोमाची आहे हे २००९ मध्ये दाखवलं गेलंय. एचयूएच७ (लिव्हर कॅन्सरची लाइन) घे, रीतसर सेल बँकेतून, आणि आली की पहिल्या आठवड्यात एसटीआर (डीएनएवरून लाइनची ओळख पटवणारी तपासणी) करून दहाबारा व्हायल गोठवून टाक.

पेशीवेडी: वाचून हात गार पडले, दीड वर्षाचं काम आहे हे. पण थिसिस जमा केल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलं. काल गाइड मॅडमशी बोलले, त्या म्हणाल्या लाइन बदलू, सॅम्पल एसटीआरला गेलंय. अजून एक, उंदराची पोडोप्लॅनिन वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये निघाली, आज संध्याकाळी जुन्याच सेक्शनवर डबल स्टेनिंग करून बघितलं. जाळी फक्त एका रंगात राहिली आणि पोर्टल शिरेच्या कडेला दोन्ही रंगांच्या तीन बारीक नळ्या दिसल्या, अगदी स्वच्छ. स्लाइडवाला, गाठीच्या काठापासून किती अंतरापर्यंत मोजता तुम्ही?