अॅपलचा स्पायवेअरचा इशारा आलेला आयफोन: पुरावा न गमावता तपासायचा कसा?

प्रश्न
वनहक्कांवर काम करणाऱ्या आमच्या संस्थेतल्या एका सहकाऱ्याला अॅपलचा इशारा आला आहे, की त्याच्या आयफोनवर स्पायवेअरचा (गुपचूप पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला असावा. कार्यालयात बहुतेकांचं म्हणणं, फोन लगेच रीसेट करून टाका. एमव्हीटी (फोनमध्ये स्पायवेअरच्या खुणा शोधणारं साधन) वापरून तपासणी आपल्या आपण करता येते का? काही सापडलं नाही, तर फोन स्वच्छ समजायचा का?

उत्तर १
रीसेट करू नका, अपडेटही आत्ता नको आणि फोन बंद-चालू करू नका. अशी बरीच स्पायवेअर मेमरीत राहतात, रीस्टार्टने निघून जातात आणि माग पुसट होतो. तोवर नाजूक बोलणं या फोनवर नको, मदतही दुसऱ्या उपकरणावरून मागा.

आधी इशारा खरा आहे का ते बघा. अॅपल खात्याचा पत्ता ब्राउझरमध्ये हाताने टाइप करून लॉगिन करा, खरा असेल तर तो पानाच्या वरच दिसतो. लिंक उघडा, अॅप टाका, पासवर्ड द्या असं खऱ्या इशाऱ्यात कधीच नसतं.

मग आवाजाची दोन्ही बटणं आणि बाजूचं बटण एकदम सेकंदभर दाबून सोडा. सिसडायग्नोस फाइल, म्हणजे फोनच्या अंतर्गत नोंदींचा संच, तयार व्हायला दहाएक मिनिटं लागतात. त्यानंतर संगणकावर बॅकअप, आणि तो एन्क्रिप्टेडच (पासवर्डने कुलूपबंद) हवा. साध्या बॅकअपमध्ये सफारीचा इतिहास आणि कॉलच्या नोंदी येत नाहीत, म्हणजे तपासणीचा गाभाच जातो. एमव्हीटी बॅकअप उलगडून दुसरी प्रत करतं, म्हणून डिस्कवर बॅकअपच्या दुपटीहून जास्त जागा ठेवा. मॅक किंवा लिनक्स सोयीचं, विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) लागेल.

उत्तर २
‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ इतकाच, की स्पायवेअरच्या आजवर जाहीर झालेल्या खुणांपैकी एकही जुळली नाही. हल्लेखोर आपले डोमेन (वेबपत्ते) बदलत राहतात. उलट, एखादा डोमेन जुळला म्हणजे फोन बाधित, असंही नाही. नोंद कशी आली ते बघावं लागतं.

पेगॅसस या स्पायवेअरने फोनच्या डेटायूसेज फाइलमधल्या (कोणत्या प्रोसेसने किती डेटा वापरला याची नोंद) झेडप्रोसेस तक्त्यातली नावं पुसली, पण झेडलाइव्हयूसेज या दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदी तशाच राहिल्या, हे अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने 2021 मध्ये दाखवलं. अशी विसंगती वाचायला सरावलेली नजर लागते. म्हणून अॅक्सेस नाऊ या डिजिटल हक्क संस्थेच्या हेल्पलाइनला लिहा. ती चोवीस तास चालते, सेवा मोफत आहे. भारतात ऑक्टोबर 2023 मध्ये असे इशारे आले, तेव्हा अॅम्नेस्टीच्या सिक्युरिटी लॅबने फोन तपासून डिसेंबरमध्ये दोन पत्रकारांच्या फोनवर पेगॅससच्या खुणा असल्याचं जाहीर केलं.

उत्तर ३
लॅपटॉप विसरू नका. भीमा-कोरेगाव प्रकरणात आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल पुरावे तपासणाऱ्या अमेरिकी कंपनीचा फेब्रुवारी 2021 चा अहवाल आहे: आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर (संगणक दुरून ताब्यात घेणारं सॉफ्टवेअर) शिरवलं गेलं आणि लपवलेल्या फोल्डरमध्ये कागदपत्रं बाहेरून टाकली गेली. पुणे पोलिसांनी तो जप्त केला एप्रिल 2018 मध्ये, घुसखोरी जून 2016 ची. नेटवायर तेव्हा उघडपणे विकत मिळणारं साधन होतं आणि मेलसोबतच्या अॅटॅचमेंटमधून यायचं. अशा घुसखोरीसाठी महागडं स्पायवेअर लागत नाही.

बॅकअपची एकच झिप करून त्याच दिवशी तिचा एसएचए-256 हॅश (फाइल बदलली की बदलणारा, फाइलचा डिजिटल ठसा) काढा, तारखेसह लिहून वकिलांकडे द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हॅश लागतो.

प्रश्नकर्ता
लॉकडाउन मोड (हल्ल्याच्या वाटा कमी करायला काही सोयी बंद करणारी आयफोनची सेटिंग) कधी लावायचा?

उत्तर १
पुरावा हातात आल्यावर. आधी आयओएस अपडेट, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या तळाशी तो पर्याय आहे. 2023 मधला ब्लास्टपास हा आयफोनवरचा स्पायवेअर हल्ला या मोडने अडला असता, असं सिटिझन लॅब या कॅनडातल्या संशोधन गटाचं म्हणणं आहे. मेसेजमधल्या बऱ्याच अॅटॅचमेंट बंद होतील, तेवढं सहकाऱ्याला आधीच सांगा.