किल्ल्यावरचे मावळे वाढतच चाललेत, काय करू?

गडकरी_ठाणे: दरवर्षी दिवाळीला कोणी ना कोणी किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं देतं, मामा कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणतो, आत्या पेणहून, आता खोकी फुल आणि साइज सगळी वेगळी, एक तोफ तर दरवाज्यापेक्षा मोठी 😄 कशी मांडायची?

सह्यवेडी: मोठी पुढे पायथ्याला, बारकी वर बुरुजावर, लांबून किल्ला आपोआप उंच दिसतो. आणि शाडूची असतील तर हळिवाला पाणी मारताना सांभाळ, पाय विरघळतात, खाली बाटलीचं झाकण ठेव.

नाना_सातारा: अरे नातेवाईकांना आधीच सांग ना काय हवंय ते! मावळे पुरेत, गवळण, कुंभार, लोहार आणा म्हणावं. आमच्याकडे ताईने दिलेली गवळण दरवर्षी हिरकणीच होते, मग किल्ला रायगड असो नाहीतर सिंधुदुर्ग, आई ऐकतच नाही.

गडकरी_ठाणे: हाहा भारी. यंदा जिंजी करायचा विचार आहे, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांतला तमिळनाडूतला एकटा तोच. तीन टेकड्या आहेत म्हणजे सगळ्यांची चित्रं मावतील, कोणी रुसायला नको.

सह्यवेडी: मस्त! पण तोफ पुढे पायथ्यालाच ठेव.