जेम्स मलोनी: जिंकून देणारा खेळाडू सारखा क्लब का बदलत राहिला?

नवप्रेक्षक

नमस्कार मंडळी. रग्बी लीगचे नियम आता कळतात, पण खेळाडूंच्या कारकिर्दीचं गणित उलगडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स मलोनीचंच घ्या. 2009 ला मेलबर्न स्टॉर्म, मग न्यूझीलंड वॉरियर्स, सिडनी रूस्टर्स, क्रोनुला शार्क्स, पेनरिथ पँथर्स आणि शेवटी फ्रान्समधल्या पर्पिन्यांचा कॅटलन्स ड्रॅगन्स. बरं, हा बाकावर बसून दिवस काढणारा गडी नव्हे. 2011, 2013 आणि 2016 अशा तीन एनआरएल (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली मुख्य रग्बी लीग स्पर्धा) अंतिम लढती तो तीन वेगळ्या क्लबांकडून खेळला आणि त्यांतल्या दोन जिंकला. मग क्लब त्याला सोडायचे का?

दुसरं म्हणजे मलोनीसारखा सहा नंबरचा खेळाडू, म्हणजे फाइव्ह-एट, चाली रचणारा असतो. दर दोन-तीन वर्षांनी नव्या संघात जाऊन तो इतक्या लवकर रुळायचा कसा?

तिसरं, टॅकल (धावणाऱ्याला धरून पाडणं) हुकणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव कायम वर असायचं. तरी प्रशिक्षक त्याला का घ्यायचे?

हिशोबनीस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे पगारखर्चाच्या मर्यादेत आहे. एनआरएलमध्ये लिलाव नाही आणि युरोपातल्या फुटबॉलसारखी ट्रान्स्फर फीची उलाढालही नाही. प्रत्येक क्लबला वरच्या फळीतल्या खेळाडूंच्या पगारावर ठरावीक रकमेची मर्यादा असते. 2018 पासून ही फळी 30 जणांची आहे. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. ज्या स्टॉर्मकडून मलोनी पहिल्यांदा वरच्या पातळीवर खेळला, त्यांचीच 2007 आणि 2009 ची विजेतेपदं कॅप मोडल्यामुळे काढून घेतली गेली. म्हणजे हा नियम नुसता कागदावरचा नाही.

आता क्लबच्या बाजूने बघा. जिंकून देणारा हाफ (चाली रचणाऱ्या सहा-सात नंबरच्या जोडीतला एक) स्वस्तात येतो आणि यशामुळे महाग होतो. त्याच वेळी क्लबच्या कनिष्ठ संघातून विशीचा एखादा पोरगा वर येत असतो. तो निम्म्याहून कमी पैशात खेळायला तयार असतो आणि पुढची दहा वर्षं टिकेल अशी आशा असते. तिशीतल्या खेळाडूला तीन वर्षांचा नवा करार देणं तेव्हा अवघड होतं. त्यात बरेच करार शेवटच्या वर्षात फुगतात, पहिल्या वर्षी कमी आणि तिसऱ्या वर्षी जास्त. त्या तिसऱ्या वर्षाआधीच खेळाडूला जाऊ दिलं तर कॅपमध्ये मोठी जागा मोकळी होते. कधी जुना क्लब पगाराचा काही भाग देत राहतो. तो भाग मात्र जुन्या क्लबच्याच कॅपमध्ये धरला जातो, म्हणून हा रस्ता क्लब नाइलाजानेच धरतात.

खेळाडूच्या हातातलं शस्त्र म्हणजे 1 नोव्हेंबरचा नियम. कराराचं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच्या 1 नोव्हेंबरपासून तो दुसऱ्या क्लबांशी उघडपणे बोलू शकतो. त्यामुळे पुढच्या हंगामात कोण कुठे जाणार हे चालू हंगामातच जगजाहीर असतं, आणि खेळाडू जुन्या क्लबकडून जीव तोडून खेळतही असतो. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे विचित्र वाटतं, तिथे तो रोजचा व्यवहार आहे.

मलोनीचं शार्क्सकडून पेनरिथला जाणं तर सरळ अदलाबदल होती. 2017 च्या अखेरीस पेनरिथचा कर्णधार मॅट मॉयलन शार्क्सकडे गेला आणि करार शिल्लक असताना मलोनी पेनरिथला आला. पेनरिथकडे नेथन क्लिअरी होता, 2018 चा हंगाम सुरू होताना जेमतेम 20 वर्षांचा. त्याच्या शेजारी अनुभवी माणूस हवा होता. दोन वर्षांनी मलोनी गेला आणि 2020 ला ती जागा क्लबमध्येच घडलेल्या जरोम लुआईला मिळाली. त्या वर्षी पेनरिथ अंतिम लढतीत हरला आणि पुढची चार विजेतेपदं, 2021 ते 2024, सलग जिंकली. मलोनीला सोडणं चूक नव्हती आणि आणणंही चूक नव्हती, हे माझं ठाम मत आहे. रूस्टर्सचं उदाहरण उलटं. 2013, 2014, 2015 अशी तीन वर्षं साखळीत पहिले आणि मलोनी गेल्यावर 2016 ला थेट पंधरावे. तो एकटाच त्याचं कारण नव्हता, मिचेल पिअर्सही त्या हंगामाच्या सुरुवातीला निलंबित होता. पण दोन्ही हाफ एकदम नसले की काय होतं, ते त्या हंगामात दिसलं.

डावीबाजू

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. फाइव्ह-एटचं काम सगळीकडे सारखंच असतं, बदलते ती फक्त बोली. प्रत्येक क्लबची चालींची नावं वेगळी, ती नोव्हेंबरपासूनच्या सरावात पाठ होतात. चालीचा सांगाडा मात्र तोच: पुढे धावणारा सेकंड-रोअर (धिप्पाड आघाडीचा खेळाडू), त्याच्या पाठीमागून फिरून येणारा फुलबॅक (सर्वांत मागचा खेळाडू), बाहेर सेंटर आणि विंगर. हाफने शेवटच्या क्षणापर्यंत चेंडू धरायचा आणि समोरचा बचावपटू कोणाकडे वळतो ते बघून पास द्यायचा.

खरा वेळ जातो तो दोन माणसांशी जुळवायला. एक हूकर, टॅकलनंतर जमिनीवरचा चेंडू उचलून देणारा. तो चेंडू किती खोल आणि किती वेगाने देतो त्यावर हाफ कुठे उभा राहणार ते ठरतं. अर्धा मीटर पुढे उभं राहिलं तरी पास पाठीमागे पडतो आणि चाल मरते. दुसरा माणूस म्हणजे जोडीदार हाफ. दोघांपैकी सूत्रं कोणाकडे, सहावा टॅकल होण्याआधी (सहा झाले की चेंडू समोरच्या संघाला जातो) लांब किक कोण मारणार, हे पक्कं नसलं की पाचव्या टॅकलनंतर दोघंही चेंडू मागतात किंवा कोणीच मागत नाही. नव्या जोड्यांच्या पहिल्या पाच-सहा सामन्यांत हाच घोळ सर्वांत जास्त दिसतो.

मलोनीला हे सोपं गेलं कारण सगळी सूत्रं आपल्याच हातात हवीत असा त्याचा हट्ट नसायचा. वॉरियर्समध्ये 2011 ला नवखा शॉन जॉन्सन, रूस्टर्समध्ये पिअर्स, शार्क्समध्ये चॅड टाउनसेंड, पेनरिथमध्ये क्लिअरी. चौघांची खेळायची तऱ्हा वेगळी. हा डावीकडे राहायचा, भरपूर बोलायचा आणि योग्य वेळी चेंडू मागायचा. शिवाय गोलकिक. ट्रायचे (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याचे) 4, कन्व्हर्शनचे (ट्रायनंतरच्या किकचे) 2 आणि पेनल्टी गोलचेही 2 गुण. 2013 च्या अंतिम लढतीत रूस्टर्स मॅनलीविरुद्ध 18-8 मागे होते आणि 26-18 जिंकले. त्या 26 मधले 10 गुण मलोनीच्या पाच गोलांचे. मायकेल जेनिंग्सचा शेवटचा ट्रायही त्याच्याच किकवर आला.

एक आणखी. ओळखीचे प्रशिक्षक. वॉरियर्सला 2011 च्या अंतिम लढतीत नेणारा आयव्हन क्लिअरी (नेथनचे वडील) 2019 ला पेनरिथमध्ये त्याचा प्रशिक्षक होता. फिरत्या खेळाडूच्या बदल्यांमागे अशी जुनी ओळख बऱ्याचदा असते.

बचावफळी

तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण मलोनीवर सर्वांत जास्त अन्याय इथे होतो.

बाजूच्या रेषेकडून मोजलं तर बचावात आधी विंगर, मग सेंटर, मग हाफ, मग सेकंड-रोअर असे उभे राहतात. प्रतिस्पर्धी शंभर किलोच्या वरचा सेकंड-रोअर मुद्दाम हाफच्या अंगावर सोडतात. कबड्डीत चढाईपटू कच्चा कोपरारक्षक हेरतो, तसंच हे. हेतू दोन: जमलं तर फट पाडायची, नाही तर निदान त्या हाफला इतकं दमवायचं की त्याच्या संघाकडे चेंडू आल्यावर त्याचं डोकं चालू नये.

मलोनीचे टॅकल दोन प्रकारे हुकायचे आणि ते वेगळे मोजायला हवेत. पहिला प्रकार, मोठा माणूस अंगावर आला आणि पकड सुटली. दुसरा, तो रेषेतून पुढे झेपावून पास देणाऱ्यावरच जायचा. वेळ साधली तर चाल तिथेच मोडते. हुकली तर आकडेवारीत एक चुकलेला टॅकल, पण तोवर पास घाईत गेलेला असतो आणि आतला माणूस पोचलेला असतो. यादीत दोन्ही एकाच रकान्यात येतात. म्हणून नुसता आकडा बघू नका, त्यानंतर किती मीटर गेले आणि रेषा फुटली का, ते बघा.

हे झाकायला माणसं लागतात. 2016 च्या शार्क्सकडे डाव्या कडेचा सेकंड-रोअर वेड ग्रॅहम होता. तो स्वतः हाफ म्हणून वाढलेला, त्यामुळे समोरची चाल आधीच वाचायचा. सेंटरही अंगाने धिप्पाड. असे दोघं दोन्हीकडे असले की मधल्या माणसाने पाय धरून लोंबकळत राहिलं तरी पुरतं. इथे सेंटरने एक चूक टाळायची असते: हाफच्या मदतीला घाबरून आत घुसायचं नाही. तो आत आला की बाहेरचा विंगर मोकळा सुटतो आणि दोष मात्र हाफच्या नावावर जातो.

पेनल्टींचं म्हणाल तर तो त्या भरपूर द्यायचा, यात वाद नाही. आपल्या गोलरेषेजवळ टॅकलनंतर अंगावर रेंगाळायचं, तेवढ्यात बचावफळी उभी राहते. मे 2020 पासून एनआरएलमध्ये अशा बहुतेक चुकांवर पेनल्टीऐवजी टॅकलची मोजणी नव्याने सुरू होते. खेळ थांबत नाही, श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. ही युक्ती त्यानंतर फार महाग झाली. मलोनी त्याआधीच फ्रान्सला गेला होता, आणि कॅटलन्स खेळतात त्या, मुख्यतः इंग्लिश क्लबांच्या सुपर लीगनेही त्याच वर्षी हा नियम आणला.

नवप्रेक्षक

तिघांचेही आभार. झेपावून चुकलेला टॅकल वेगळा मोजायचा, हे कुठेच वाचलं नव्हतं. आता फ्रान्सचं सांगा. पेनरिथमध्ये करार शिल्लक होता, ऑस्ट्रेलियात पैसा जास्त, मग पर्पिन्यां का? आणि कोणते जुने सामने बघू?

हिशोबनीस

ऑस्ट्रेलियात पैसा जास्त, पण तो तिशी ओलांडलेल्याला एकेका वर्षाच्या हप्त्याने मिळतो. सुपर लीगचे क्लब दोन-तीन वर्षांची हमी देतात. तिथली कॅप 21 लाख पौंडांची होती, पण मार्की (कॅपमध्ये सवलत मिळालेल्या, मोठ्या नावाच्या) खेळाडूचा पगार कितीही असला तरी बाहेर घडलेल्या खेळाडूचे फक्त दीड लाख पौंड कॅपमध्ये धरतात. तेव्हा प्रत्येक क्लबला असे दोन खेळाडू ठेवता यायचे. मोठ्या नावांना तिथे जागा होते ती यामुळे.

पर्पिन्यांला जाऊन तो निवांत बसला असंही नाही. 2021 ला कॅटलन्स साखळीत पहिले आले, फ्रेंच क्लबच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडलं. नंतर तो लेझिन्यांकडून फ्रान्सच्या देशांतर्गत लीगमध्येही उतरला.

डावीबाजू

सामने या क्रमाने बघा.

2013 ची एनआरएल अंतिम लढत, उत्तरार्ध. 18-8 नंतर रूस्टर्स घाई करतात का, ते बघा. मलोनी पाचव्या टॅकलनंतर चेंडू जमिनीलगत कुठे सरकवतो, तिकडे लक्ष ठेवा.

2016 ची अंतिम लढत, शार्क्स 14, स्टॉर्म 12. 1967 ला लीगमध्ये आलेल्या क्लबचं हे पहिलं विजेतेपद. अँड्र्यू फिफिताच्या ट्रायने बरोबरी झाली आणि मलोनीच्या कन्व्हर्शनचे दोन गुण हाच शेवटचा फरक ठरला. इथे वर सांगितलेली डावी कड बघा: चेंडूकडे नको, ग्रॅहमकडे नजर ठेवा.

2018 ची स्टेट ऑफ ओरिजिन मालिका, म्हणजे न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या राज्यांची लढत. क्लबमधली मलोनी-क्लिअरी जोडी न्यू साउथ वेल्सने तशीच उचलली आणि मालिका 2-1 ने जिंकली. 2019 ला पहिला सामना हरल्यावर त्याला परत बोलावलं. पर्थमध्ये 38-6 आणि सिडनीत 26-20.

सप्टेंबर 2021, न्यूकॅसलचा सेंट जेम्स पार्क, कॅटलन्स विरुद्ध सेंट हेलेन्स. शेवटची पाच मिनिटं उरली असताना 30-12 मागे असलेले कॅटलन्स बरोबरी साधतात आणि जादा वेळेत मलोनीच्या ड्रॉप गोलवर (चेंडूचा टप्पा पाडून खांबांमधून मारलेली एका गुणाची किक) 31-30 जिंकतात. ड्रॉप गोल बघताना किक शेवटी बघा. आधीचे टॅकल खांबांच्या समोर, मैदानाच्या मध्यावर कसे आणले जातात, हूकर चेंडू किती मागे देतो आणि धावून येणाऱ्याला आडवं कोण उभं राहतं, ते आधी बघा. ड्रॉप गोल फसतात ते बहुतेकदा तिथेच, किक मारण्याच्या आधी.

आणि महिन्याभराने त्याच दोन संघांची ओल्ड ट्रॅफर्डवरची अंतिम लढत. सेंट हेलेन्स 12-10. कॅटलन्सचा एकच ट्राय, बाकीचे सहा गुण मलोनीच्या किकचे.